सुपरसॉनिक प्रवासी विमान शिकायचंय? आधी वजनाचा हिशोब मांडा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, "सर, सुपरसॉनिकमध्ये (म्हणजे आवाजापेक्षा वेगवान विमानांमध्ये) जायचंय, सुरुवात कुठून करू?" डोक्यात बहुतेक वेगच असतो. मी त्यांना काँकॉर्डचं, म्हणजे ब्रिटन-फ्रान्सच्या जुन्या सुपरसॉनिक प्रवासी विमानाचं, वजन मांडायला लावतो.

उड्डाणाचं कमाल वजन सुमारे 185 टन, त्यात इंधनच 95 टनांच्या आसपास. प्रवासी साधारण 100. माणशी सामानासह 100 किलो धरा, म्हणजे ज्यांच्या तिकिटावर विमान चालायचं त्यांचं वजन जेमतेम 10 टन! सांगाडा एकूण वजनाच्या एका टक्क्यानं जरी वाढला, तरी अठरा माणसं कमी करावी लागतात. हे गणित स्वतः करून बघा.

इंधन एवढं का लागतं? मॅक 2 ला, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाला, काँकॉर्डचं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर (उचलणारं बल भागिले हवेचा विरोध) सात-साडेसात होतं, जंबो 747 चं सतराच्या आसपास. वेग दुपटीहून जास्त असल्यानं हा तोटा बराचसा भरून निघतो, पण तेवढ्याच रेट्यासाठी इंजिन जास्त इंधन जाळतं. विमान किती लांब जाईल ते सांगणारं ब्रेगे समीकरण घोटून घ्या, सगळं त्यात आहे.

त्यात आवाजाची भर: सुपरसॉनिक विमान जाताना खाली जमिनीवर धमाका (सॉनिक बूम) ऐकू येतो. 1973 पासून अमेरिकेनं जमिनीवरून सुपरसॉनिक प्रवासी उड्डाणांना बंदी घातली, मार्ग समुद्रापुरते उरले, आणि प्रवासी सेवेत फक्त 14 काँकॉर्ड आली. नासाचं प्रायोगिक विमान एक्स-59 हा धमाका आकारानंच सौम्य करायला बनवलंय. मला मात्र इंजिन जास्त अवघड वाटतं: विमानतळावर आवाज कमी हवा तर इंजिन जाड लागतं, आणि जाड इंजिन मॅक 1.7 ला ड्रॅग वाढवतं.

आता आपल्याकडचं. काँकॉर्डच्या पंखांचे पत्रे अखंड ॲल्युमिनियम कोरून काढलेले होते, वजन वाचावं म्हणून. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये किंवा बेळगावातल्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सुट्टीत इंटर्नशिप मिळाली तर सोडू नका. पातळ भिंत मशीनवर कापताना कशी थरथरते, ते तिथंच कळतं.

घरी ओपनव्हीएसपी (विमानाचा आकार काढायचं सॉफ्टवेअर) आणि एसयू2 (हवेच्या प्रवाहाचं गणित करणारं) शिका, दोन्ही फुकट आहेत. डेल्टा पंख काढा, मॅक बदलून ड्रॅग बघा. पुढं गेट प्रवेश परीक्षेचा एरोस्पेस पेपर, मग बेंगळुरू. तिथल्या एनएएल या सरकारी वैमानिकी प्रयोगशाळेत 1.2 मीटरचं ट्रायसॉनिक (आवाजाहून कमी, आसपासच्या आणि जास्त वेगाला चालणारं) विंड टनेल आहे. भारतात असं प्रवासी विमान कुणी बांधत नाही, त्यामुळं पहिली नोकरी सीएफडी (संगणकावर हवेच्या प्रवाहाचा अभ्यास) किंवा स्ट्रेस ॲनालिसिसचीच (सांगाड्यावरचा ताण तपासण्याची) धरा. आणि कन्नड येत असेल तर शॉप फ्लोअरवरच्या कारागिरांशी बिनधास्त बोला; ड्रॉइंगमध्ये नसलेलं बरंच काही ते सांगतात.