कुत्र्याच्या छातीचा एक्सरे वाचताना या चुका टाळा

पुण्यात बऱ्याच क्लिनिकमध्ये आता डिजिटल एक्सरे आहे. चित्र काही क्षणांत पडद्यावर येतं, ते वाचणारी नजर मात्र सरावानेच येते. शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजातून पदवी घेऊन आलेल्या नव्या डॉक्टरांसोबत फिल्म पाहताना ठरावीक चुका दिसतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे फिल्म कशी आली आहे हे न तपासताच निदानाकडे वळणं. श्वास सोडताना काढलेल्या फिल्ममध्ये हृदय मोठं आणि फुप्फुसं पांढुरकी दिसतात. त्यात कुत्रा लठ्ठ लॅब्राडॉर असेल, तर चरबीमुळे धूसरपणा आणखी वाढतो. मग ‘फुप्फुसात पाणी’ म्हणून नको ते औषध सुरू होतं. श्वास पूर्ण आत घेतलेला आहे का, पुढचे पाय पुढे ओढलेत का, छाती तिरकी तर नाही, हे आधी बघा. धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मात्र आधी ऑक्सिजन द्या, एक्सरे थांबू शकतो.

एकाच कुशीवरच्या फिल्मवर विसंबू नका. खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि त्यातली गाठ लपते. कॅन्सरचा प्रसार शोधायचा असेल तर दोन्ही कुशी आणि एक उताणी फिल्म हवीच.

हृदयाच्या मापाबद्दल थोडं सविस्तर लिहितो. 1995 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मणक्यांच्या मापानुसार, म्हणजे हृदयाची लांबी आणि रुंदी किती मणक्यांएवढी भरते ते मोजून केलेल्या बेरजेनुसार, साधारण 8.5 ते 10.5 मणके हे निरोगी मानलं जातं. पण निरोगी पगमध्येही हा आकडा 10.5 च्या वर जातो, म्हणून जात पाहिल्याशिवाय हृदय वाढल्याचा शेरा मारू नका. 2005 च्या एका अभ्यासात एकाच फिल्मवर वेगवेगळ्या डॉक्टरांच्या मापात सरासरी सुमारे एका मणक्याचा फरक आढळला. त्याचं कारण कमी अनुभव नव्हतं, प्रत्येकाने निवडलेले बिंदू वेगळे होते. म्हणजे नुसती वर्षं मोजून भागत नाही. श्वासनलिका दुभंगते तिथपासून हृदयाच्या टोकापर्यंतची लांबी, तिला काटकोनात सर्वांत जास्त रुंदी आणि मणके मोजायला सुरुवात करायची ती छातीच्या चौथ्या मणक्याची पुढची कड, हे बिंदू क्लिनिकमधल्या सगळ्यांनी एकत्र बसून पक्के करा. एको (हृदयाची सोनोग्राफी) झालेल्या कुत्र्यांच्या जुन्या फिल्म घ्या, आधी आपलं मत लिहा, मगच रिपोर्ट उघडा. माझ्या मते याहून चांगलं प्रशिक्षण नाही.

एक दोष सापडला की नजर तिथेच थांबते. बरगड्या, अन्ननलिका, पोटाची कड रोज त्याच क्रमाने पाहा.

मालकाकडून जुनी फिल्मही मागवा. व्हॉट्सॲपवरचा तिरका फोटो मापाला चालत नाही, मूळ डिजिटल फाइलच हवी.