वादकाला त्याचे पहिले गाणे कसे विचारावे

खानदेशातल्या एखाद्या मोठ्या गावात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे, गोंधळात संबळ धरणारे आणि हरिनाम सप्ताहात पखवाजाला बसणारे असे तिन्ही प्रकारचे वादक राहतात. परंतु ज्या गाण्यामुळे आपण वाद्याला हात लावला ते कोणते, हा प्रश्न त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कोणी विचारलेला नसतो. हा प्रश्न विचारण्यासारखा आहे आणि तो नीट विचारता यावा यासाठी काही तयारी लागते.

पहिली तयारी वेळेची. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू झाली की बँडवाल्याला बसून बोलायला सवड नसते, आणि गणपती व नवरात्रातही त्याच्याकडे जाण्यात अर्थ नाही. या दोहोंच्या मधला पितृपंधरवडा मात्र सर्वांत सोयीचा, कारण त्या दिवसांत शुभकार्ये होत नाहीत, वाद्ये घरी असतात आणि कापूस वेचणीचा जोरही अजून आलेला नसतो. भेटीला शक्यतो सकाळी जावे. दुपारी पंखा लावावाच लागतो आणि त्याची घरघर ध्वनिमुद्रणात शेवटपर्यंत राहते.

‘तुमचे आवडते गाणे कोणते?’ हा प्रश्न विचारू नये. धुळे जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ क्लॅरिनेटवादकांना मी सुरुवातीला हेच विचारले होते, तेव्हा त्यांनी अदबीने एका जुन्या हिंदी चित्रपटगीताचे नाव घेतले आणि बोलणे तिथेच थांबले. वरातीत लोक जी फर्माईश करतात तिचेच उत्तर त्यांनी मला दिले होते, कारण मी प्रश्नही फर्माईश केल्यासारखाच केला होता. थोड्या वेळाने मी त्यांना विचारले की, वाद्य हाती येण्याच्या आधी घरात कोण गात असे. त्यांनी काहीच उत्तर दिले नाही. त्यांनी क्लॅरिनेटची पेटी उघडली, पत्ती जिभेवर ओली केली, वाद्याचे तुकडे एकमेकांत बसवले आणि अगदी हलक्या फुंकरीने चार ओळींची एक चाल वाजवली. ती कानबाईच्या, म्हणजे खानदेशात घरोघरी बसवल्या जाणाऱ्या देवीच्या, गाण्याची होती. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर बायका गाणी म्हणतात आणि सोमवारी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. त्या रात्री आईच्या मांडीवर अर्धवट झोपेत ऐकलेली ही चाल होती आणि मिळालेल्या वाद्यावर त्यांनी सर्वांत आधी तीच शोधून काढली होती. सबब प्रश्न नेहमी जागेचा, माणसाचा आणि प्रसंगाचा असावा: कुठे ऐकले, कोणाच्या तोंडून ऐकले, तेव्हा हाताला कोणते काम होते. शिवाय वाद्य जवळच ठेवायला सांगावे, कारण तोंडाला आठवत नाही ते पुष्कळदा बोटांना आठवते.

भजनी मंडळातल्या मंडळींशी बोलताना ‘गाणे’ हा शब्द फारसा उपयोगी पडत नाही. त्यांना ‘चाल’ विचारावी. अभंग सर्वांचा एकच असतो, पण तो कोणत्या चालीत आणि कोणाकडून मिळाला यात त्या माणसाची सगळी जडणघडण येते. ही चाल कोणत्या बुवांची, ती कोणत्या पट्टीत शिकलात आणि आता कोणत्या पट्टीत गाता, एवढे तीन प्रश्न तासाभराच्या बोलण्याला पुरतात. हार्मोनियमच्या काळी चार या पट्टीवरून पांढरी एकपर्यंत उतरलेल्या आवाजाची हकिगत सांगताना माणूस आपल्या वयाविषयीही आपसूक बोलू लागतो.

घरातल्या स्त्रियांना विचारल्याशिवाय मुलाखत पुरी झाली असे समजू नये, असे माझे ठाम मत आहे. वादकांनी उचललेल्या चालींपैकी कितीतरी मुळात आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरच्या, मुलींच्या गुलाबाईच्या सणातल्या किंवा जात्यावरच्या असतात, पण त्या म्हणणाऱ्या बाया स्वतःला कलावंत म्हणवून घेत नाहीत. ‘आम्हाला कुठे गाता येते’ या उत्तरावर उठून येऊ नये. नुसते समोर बसवून विचारले तर ओवी आठवत नाही. घरात जाते शिल्लक असेल तर मूठभर ज्वारी घालून ते फिरवायला सांगावे, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फेऱ्याला शब्द येऊ लागतात. काही गाणी देवीची असल्यामुळे ठरलेल्या दिवसाखेरीज म्हणत नाहीत. तसे सांगितले तर आग्रह न करता त्या दिवशी पुन्हा यावे.

ध्वनिमुद्रणाला साधा मोबाइल पुरतो, मात्र तो विमान मोडवर टाकावा आणि स्टीलच्या टेबलावर न ठेवता घडी घातलेल्या गोधडीवर ठेवावा. बोलण्यासाठी हातभर अंतर ठीक. संबळ किंवा ढोल वाजणार असेल तर मोबाइल आठ-दहा फूट मागे न्यावा, नाहीतर आवाज फाटतो. सुरुवातीलाच तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने मोठ्याने म्हणून घ्यावे. वादकाचा दिवस मोडतो, म्हणून बिदागी आधी ठरवावी आणि निघण्यापूर्वी हातात द्यावी.

लिहून काढण्याचे काम सर्वांत नाजूक, आणि त्यात माझ्याकडून मोठी चूक झालेली आहे. एका आजींचे अहिराणी गाणे मी उतरवून घेतले आणि वाचणाऱ्याला सोपे जावे म्हणून ‘शे’च्या जागी ‘आहे’ व ‘मना’च्या जागी ‘माझा’ असे लिहीत गेलो. ते त्यांना वाचून दाखवल्यावर त्या एवढेच म्हणाल्या, ‘हाई मनं गानं नही.’ त्यांचे म्हणणे खरे होते, कारण एका अक्षराच्या जागी दोन बसवल्याने ओळ तालात राहिली नव्हती आणि बोली गेल्याने म्हणणारीही त्यातून निघून गेली होती. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या त्यांच्याच बोलीत उतरवून ठेवल्या, म्हणूनच १९५२ साली निघालेल्या पुस्तकात त्यांचा आवाज आजही ऐकू येतो. शब्द जसा कानी पडला तसाच लिहावा आणि अर्थ हवा असेल तर खाली वेगळा द्यावा. सातपुड्यातल्या पावरी किंवा भिलोरी गाण्यांसाठी ती भाषा घरात बोलणारा माणूस सोबत असल्याशिवाय लेखणी उचलू नये.

शेवटी ध्वनिमुद्रण घेऊन पुन्हा त्याच घरी जावे आणि ते सर्वांसमोर वाजवावे. ही दुसरी भेट अनेकजण टाळतात, पण खरी माहिती तिच्यात मिळते. क्लॅरिनेटवादकांची ती चाल मी त्यांच्या ओट्यावर ऐकवली तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीने तिसऱ्या ओळीवर हात वर करून मला थांबवले. बँडच्या ठेक्यात बसावा म्हणून भावाने तिथला सूर लवकर सोडला आहे, आई तो बराच वेळ धरून ठेवत असे, असे सांगून त्यांनी ती ओळ स्वतः म्हणून दाखवली. भावाने मान हलवली आणि पेटी आणायला तो आत गेला. माझ्याकडे आता ती ओळ दोन्ही प्रकारे आहे, आणि कोणती कोणाची हे ध्वनिफितीच्या नावातच लिहून ठेवले आहे.