किशोरवयीन मुलाच्या वर्तनसमस्येसाठी मदत कशी मिळवावी

उलट उत्तर देणे, खोलीचे दार लावून बसणे, आईवडिलांपेक्षा मित्रांचे म्हणणे अधिक पटणे, या गोष्टी वाढत्या वयात अपेक्षितच असतात आणि त्यांसाठी कोणाकडे धाव घेण्याची गरज नसते. मेंदूचा आवेग आवरणारा आणि परिणामांचा विचार करणारा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो, तर भावनांशी संबंधित भाग त्याच्या बराच आधी जोमाने काम करू लागतो. पंधराव्या वर्षी मूल अंगाने मोठे दिसत असले तरी रागाच्या भरात ते लहान मुलासारखे वागते, त्याचे एक कारण हे आहे. मदत घेण्याची वेळ आली आहे का, हे ठरवताना एखाद्या भांडणाकडे न पाहता तीन गोष्टींकडे पाहावे: हे वागणे काही आठवडे किंवा महिने टिकून आहे का, ते घर, शाळा आणि मित्रमंडळ अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसते का, आणि त्यामुळे मुलाची झोप, अभ्यास, मैत्री किंवा सुरक्षितता ढासळते आहे का. हसतेखेळते मूल अल्पावधीत ओळखू न येण्याइतके बदलले असेल, तर मात्र महिने मोजत बसू नये.

काही प्रसंगी तर एक दिवसही थांबू नये. मूल मरणाची भाषा करीत असेल, स्वतःला इजा करून घेत असेल, शस्त्र उगारीत असेल, नसलेले आवाज ऐकू येत असल्याचे सांगत असेल किंवा नशेत बेशुद्ध होत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे किंवा आपल्या भागातील आपत्कालीन सेवेला बोलवावे. तोपर्यंत त्याला एकटे सोडू नये आणि घरातील औषधे, कीटकनाशके व धारदार वस्तू कुलपात ठेवाव्यात. ‘तुझ्या मनात जीव देण्याचा विचार येतो का?’ असे थेट विचारल्याने तो विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. विचारल्यामुळे बोलायला वाट मिळते.

तातडी नसेल, तर तज्ज्ञ शोधण्याआधी एक वही करावी. पालक पहिल्या भेटीत बहुधा ‘तो सारखाच चिडतो’, ‘ती काहीच ऐकत नाही’ एवढेच सांगतात, आणि त्यावरून ऐकणाऱ्याला फारसे काही उमगत नाही. त्याऐवजी दोनतीन आठवड्यांच्या नोंदी ठेवाव्यात: ‘मंगळवार, संध्याकाळी साडेसात. फोन बाजूला ठेव म्हटल्यावर ताट ढकलले, दार आपटले. वडील ओरडले. मी फोन परत दिला. वीस मिनिटांत शांत. दुपारी चाचणीचे गुण कळले होते.’ अशा नोंदीत घटनेआधी काय झाले, नेमके काय घडले आणि त्यानंतर घरच्यांनी काय केले, हे तिन्ही येते. त्यातले तिसरे लिहायला पालकांना सर्वांत जड जाते आणि तज्ज्ञाला तेच सर्वाधिक उपयोगी पडते. झोपेच्या वेळाही लिहाव्यात, कारण या वयात ८ ते १० तास झोप लागते आणि ती सतत अपुरी राहिली तर चिडचिड व बेफिकिरी हमखास वाढते. ही वही मुलाविरुद्धचा पुरावा म्हणून त्याच्यासमोर कधीही नाचवू नये.

पहिली पायरी म्हणून नेहमीच्या डॉक्टरांकडे जाणे सोयीचे ठरते. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, झोपेचे विकार, चालू असलेल्या एखाद्या औषधाचा परिणाम ही कारणे तपासणीत कळू शकतात. त्याच सुमारास वर्गशिक्षकांना भेटावे, पण तक्रार ऐकायला नव्हे, तर माहिती घ्यायला: कोणत्या विषयाच्या तासाला मूल त्रास देते, मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर असते, त्याला कोणी छळते का. वर्गात मोठ्याने वाचायची पाळी आली की गोंधळ घालून स्वतःला वर्गाबाहेर काढून घेणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण, असू शकते. ‘वाचता येत नाही’ असे उघडे पडण्यापेक्षा ‘उनाड’ म्हणवून घेणे त्याला परवडते. वर्तनसमस्येच्या मुळाशी अनेकदा दुसरेच काही असते. एकाग्रतेचा अभाव व अतिचंचलता, चिंता, व्यसन, लैंगिक शोषण, घरातील मारहाण किंवा आईवडिलांमधील तंटा, यांपैकी काहीही ‘उर्मटपणा’च्या रूपात बाहेर येऊ शकते. नैराश्याबाबत तर फार फसगत होते, कारण मोठी माणसे उदास दिसतात, तर किशोरवयीन मुले पुष्कळदा नुसती चिडकी दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार सुमारे एकतृतीयांश मानसिक विकार वयाच्या १४ व्या वर्षाआधी आणि निम्मे १८ व्या वर्षाआधी सुरू होतात आणि त्यांतील बहुसंख्य ओळखलेच जात नाहीत.

कोणाकडे जायचे, याचा गोंधळ स्वाभाविक आहे. समुपदेशक बोलण्यातून अडचण उलगडायला आणि मार्ग काढायला मदत करतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या घेऊन मूल्यमापन करतात व मानसोपचार देतात. मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात. ते निदान करतात आणि गरज असेल तर औषध लिहून देतात. त्यांतही किशोरवयीन मुलांचा अनुभव असलेली व्यक्ती निवडावी आणि भेट ठरवताना तिचे शिक्षण, नोंदणी, कामाची पद्धत व पालकांचा सहभाग किती असेल हे निःसंकोच विचारावे. पहिल्याच फोनवर पूर्ण बरे करण्याची हमी देणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

मुलाला हे सांगायचे कसे, हा खरा अवघड टप्पा असतो. फसवून, दुसऱ्या कशाचे तरी निमित्त सांगून नेल्यास पहिली भेट वाया जातेच, पण पुढच्या सगळ्या भेटींवरचा विश्वासही जातो. भांडणाच्या भरात ‘तुला आता डॉक्टरकडेच नेते’ असे म्हटले की उपचार ही शिक्षा ठरते. दोघेही शांत असताना, शक्यतो शेजारी शेजारी चालताना किंवा एखादे काम करताना, थोडक्यात बोलावे: ‘गेले काही दिवस आपल्या घरात रोज भांडणे होतात. मलाही नीट वागता येत नाहीये. आपण दोघे मिळून कोणाची तरी मदत घेऊया. एकदा भेट, नाही पटले तर तसे सांग.’ वेळ कोणती, तज्ज्ञ स्त्री हवी की पुरुष, हे मुलाला ठरवू द्यावे. तरीही ते नाहीच म्हणाले, तर पालकांनी एकट्याने जावे. पालकांना दिलेल्या प्रशिक्षणामुळेही मुलांच्या वागण्यात फरक पडतो, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी अशा घरांचे बारकाईने निरीक्षण करून एक चक्र दाखवून दिले: पालक काही सांगतात, मूल आरडाओरडा करते, पालक थकून माघार घेतात, ओरडणे थांबते. मूल शिकते की ओरडले की सुटका होते, आणि पालक शिकतात की सोडून दिले की शांतता मिळते. वरच्या नोंदीतला परत दिलेला फोन हे त्याचेच उदाहरण होय. हे चक्र तोडण्यासाठी नियम थोडे पण स्पष्ट ठेवणे, परिणाम लहान पण नक्की असणे, आणि चांगले वागलेले क्षण हेरून त्याच वेळी दाद देणे, हे पालकांना शिकवले जाते. वाचताना हे सोपे वाटते. दार आपटले जात असताना आवाज न चढवणे मात्र सरावानेच जमते. सुरुवातीला वागणे काही काळ बिघडतेही, कारण पूर्वी चालणारी युक्ती मूल अधिक जोर लावून करून पाहते. नेमके याच वेळी ‘उपयोग नाही’ म्हणून अनेक पालक उपचार सोडतात.

पहिल्या भेटीत तज्ज्ञ मुलाशी एकांतात बोलतील, आणि ते बोलणे गोपनीय राहील. जिवाला धोका असल्यास किंवा शोषणाची बाब असल्यास मात्र ते योग्य ठिकाणी कळवतील. या मर्यादा सर्वांसमोर आधीच स्पष्ट करून घ्याव्यात. बाहेर आल्यावर ‘काय काय विचारले?’ अशी उलटतपासणी करू नये. औषध सुचवले गेल्यास ते नेमके कशासाठी, किती काळ आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे विचारावे. नैराश्यावरील काही औषधे सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकात ठळक इशारा बंधनकारक केला. याचा अर्थ ती औषधे टाळावीत असा नसून त्या काळात मुलावर बारीक लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांना न विचारता औषध एकदम बंद करू नये, असा आहे.

धाक घालून सुधारण्याच्या मार्गाचा मोह अनेकांना होतो. अमेरिकेत मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून दरडावण्याचे कार्यक्रम राबवले गेले. त्यांची शास्त्रीय पाहणी झाली, तेव्हा तिथे गेलेल्या मुलांकडून पुढे गुन्हे अधिक घडल्याचे आढळले. तेव्हा बिघडलेल्या मुलांना कडक शिस्तीच्या शिबिरात पाठवण्याचा सल्ला कितीही आपुलकीने दिला गेला, तरी तो मानण्याची घाई करू नये.

काही भेटी झाल्यावर वही पुन्हा उघडावी. सुधारणा बहुधा आधी आकड्यांत दिसते, म्हणजे भांडणे होतातच, पण आठवड्यात पाचऐवजी तीन होतात आणि तासाऐवजी दहा मिनिटांत मिटतात. दोनतीन महिन्यांत काहीच हलले नाही, तर तज्ज्ञांशी तसे स्पष्ट बोलावे, निदान पुन्हा तपासायला सांगावे आणि गरज वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे. त्या वेळी आधीचे अहवाल, औषधांची यादी आणि ती वही बरोबर न्यावी, म्हणजे मुलाला सगळे पहिल्यापासून पुन्हा सांगावे लागणार नाही.