मियाटाच्या इंजिनाचं झाकण रिंकल पेंटने रंगवायचंय? मग आधी ते नीट धुवा

माझ्याकडे ९२ची मियाटा आहे, पहिल्या पिढीतली, १.६ लिटरवाली, पॉप-अप हेडलाइट्सवाली. युरोपात हिलाच एमएक्स-५ म्हणतात आणि जपानात युनोस रोडस्टर. न्यू जर्सीत हिवाळ्यात मीठ मारलेल्या रस्त्यांवर ती काढायची नाही असं ठरलेलं, त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च गाडी गॅरेजमध्ये आणि मी पण गॅरेजमध्ये. ह्या गाडीचं बॉनेट उघडलं की पहिल्यांदा डोळ्यात भरतं ते वरचं व्हॉल्व्ह कव्हर, म्हणजे कॅमशाफ्टवरचं अ‍ॅल्युमिनियमचं झाकण, दोन लांब उंचवटे आणि मधल्या खोबणीत स्पार्क प्लग. माझ्या आधीच्या मालकाने ते लालभडक रंगवलं होतं आणि मला गाडी मिळाली तेव्हा त्याचे पोपडे निघून जुन्या वाड्याची भिंत दिसावी तसं दिसत होतं.

लालचा मोह तसा समजण्यासारखा आहे. फेरारीच्या १९५७ च्या २५० टेस्टा रोसाचं नावच मुळी इंजिनाच्या लाल झाकणांवरून पडलं, इटालियनमध्ये टेस्टा रोसा म्हणजे लाल डोकं. पण लाल असो की काळं, रंग टिकत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो, खाली राहिलेल्या ऑइलचा असतो.

आधी एक निर्णय घेऊन टाका, पॉलिश करायचं की रंगवायचं की पावडर कोटिंग, म्हणजे रंगाची कोरडी पूड उडवून भाजायची. आरशासारखं पॉलिश फोटोत लय भारी दिसतं, मी केलंय, एका छोट्या ब्रॅकेटवर. ३२० च्या पॉलिश पेपरपासून सुरू करून ४००, ६००, ८००, १०००, १५०० असं चढत जायचं, मग बफिंग व्हील आणि कंपाउंड, मग शेवटी ट्यूबमधलं मेटल पॉलिश. एवढं करून दोन महिन्यांनी ते परत मंद पडतं, देव्हाऱ्यातली तांब्याची भांडी चिंचेने घासतो ना तसं, चमक येते पण परत परत घासायची तयारी पाहिजे. आणि वरून क्लिअर, म्हणजे पारदर्शक रंग, मारून चमक कोंडून ठेवू म्हणाल तर गुळगुळीत धातूवर क्लिअर नीट धरत नाही, कडेने सुटायला लागतो. पूर्ण झाकण पॉलिश करायचं तर दोन-तीन वीकेंड गेले समजा, आणि प्लगच्या खोबणीत बोट जात नाही तिथे बफ काय जाणार. पावडर कोटिंग टिकाऊ आहे पण साधारण २०० डिग्री सेल्सियसला भाजावं लागतं, म्हणजे दुकानात द्यावं लागतं, आणि दुकानात दिलं की ते आधी ब्लास्टिंग करणार, म्हणजे वाळूचा किंवा काचेच्या दाण्यांचा जोरात मारा करून साफ करणार, त्याबद्दल खाली सांगतो. माझं मत रिंकल पेंट, म्हणजे सुरकुत्या पडणारा रंग. जुन्या कास्टिंगवरचे ओरखडे, बारीक खड्डे सगळं पोटात घेतो, एक डबा पुरतो, आणि काळा घेतला तर कंपनीतूनच तसा आलाय असं वाटतं.

झाकण काढायचं काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन पूर्ण थंड असू द्या. प्लगच्या वायरींना टेप लावून १ ते ४ नंबर टाका, नंतर आठवेल असं म्हणणाऱ्यांना आठवत नाही. वायरी उपसल्या की प्लगच्या विहिरीत कॉम्प्रेसरने हवा मारा, तिथे वाळू, वाळकी पानं, एकदा तर मला मेलेली माशी सापडली होती. प्लग काढू नका, तसेच राहू द्या, भोकं बंद राहिलेली बरी. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या आतले वायू परत जाळायला ओढून नेणारी झडप, रबराच्या कड्यात (ग्रोमेटमध्ये) बसवलेला असतो, तीस वर्षांत ते रबर कडक होऊन बिस्किटासारखं तुटतं, तुकडा आत पडू देऊ नका आणि नवीन ग्रोमेट आधीच मागवून ठेवा. मग १० नंबरच्या गोटी पान्याने बोल्ट थोडे थोडे करून सगळे सैल करा. झाकण चिकटलेलं असेल तर रबरी हातोडीने बाजूने टकटक करा, स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका, गॅस्केट, म्हणजे गळती अडवणारी रबरी पट्टी, बसते त्या जागेवर एक ओरखडा पडला की आयुष्यभर ऑइल गळणार. झाकण निघालं की लगेच कॅमशाफ्टवर किचनमधली क्लिंग फिल्म ताणून लावा आणि वर स्वच्छ टॉवेल टाका, कारण आता काही दिवस इंजिन उघडं राहणार आहे.

आता धुणं. खरं काम हे.

झाकण उलटं केलं की आत पत्र्याचा एक बॅफल दिसतो. ऑइलचे शिंतोडे पीसीव्हीच्या नळीतून ओढले जाऊ नयेत म्हणून तो असतो. त्या पत्र्याच्या आणि झाकणाच्या मधे पोकळी आहे आणि तिथे हात पोचत नाही, ब्रश पोचत नाही, डोळाही पोचत नाही. म्हणून सांगतो, झाकण सँड ब्लास्टिंगला किंवा ग्लास बीड ब्लास्टिंगला तसंच द्यायचं नाही. ती बारीक काच त्या पोकळीत जाऊन बसते, तुम्ही कितीही धुतलं तरी दोन-चार दाणे राहतातच, झाकण बसवून इंजिन चालू केलं की गरम ऑइल ते दाणे सोडवून खाली नेतं आणि पुढे कॅमच्या जर्नलवर (कॅमशाफ्ट टेकून फिरतो त्या गुळगुळीत जागांवर) आणि बेअरिंगवर ते काय करतात ते सांगायला नको. द्यायचंच असेल तर बॅफल काढून द्या, नाहीतर नका देऊ. मी हातानेच केलं.

जुना रंग काढायला पेंट स्ट्रिपर लागेल. २०१९ पासून अमेरिकेत घरगुती वापरासाठी मिथिलीन क्लोराइडवाले स्ट्रिपर विकायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे, बंद बाथरूममध्ये ते वापरून माणसं मेली आहेत. आताचे स्ट्रिपर सौम्य आहेत म्हणून जाड थर द्या, वर प्लास्टिक गुंडाळा आणि तासभर विसरून जा. मग प्लास्टिकची पट्टी, पितळेचा ब्रश. ओव्हन क्लीनरचा शॉर्टकट मारू नका, त्यात बहुतेक वेळा कॉस्टिक सोडा असतो आणि कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियमला खातं, झाकण काळं-करडं पडतं. डिग्रीझर (ऑइल-ग्रीस काढणारं द्रावण) घेतानाही अ‍ॅल्युमिनियमला चालेल असं लेबलवर लिहिलंय का ते बघा.

रंग निघाल्यावर डिग्रीझर, मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, परत डिग्रीझर, परत साबण. मी चार वेळा केलं आणि चौथ्यांदा पण पाणी चहासारखं आलं. वरच्या बाजूला ३२० च्या पेपरने हलकं घासा म्हणजे रंगाला धरायला खरखरीत पृष्ठभाग मिळेल, आणि घासताना खालची सगळी भोकं टेपने बंद. शेवटी परत धुवा, बॅफलच्या पोकळीतून गरम पाणी सोडत राहा, खाली पांढरा कपडा धरा आणि त्यावर काही चमकतंय का बघा.

एवढं झालं की रंगवायची घाई होते. थांबा. कास्ट अ‍ॅल्युमिनियमला बारीक छिद्रं असतात आणि त्यात तीस वर्षांचं ऑइल मुरलेलं असतं. झाकण तापवलं की ते घामासारखं वर येतं. म्हणून रंगाच्या आधी एकदा कोरडंच तापवायचं, रंग जितका तापवणार त्यापेक्षा थोडं जास्त, मी १२० डिग्री सेल्सियसला तासभर ठेवलं, ऑइल चेंजच्या वेळी येतो तसा वास सुटला आणि एका कोपऱ्यात तपकिरी डाग आले. ते डाग थंड झाल्यावर अ‍ॅसिटोनने पुसा आणि परत तापवा. हे केलं नाही तर रंगाखाली फोड येतात, आधीच्या मालकाचं नेमकं हेच झालं असणार.

आता प्रश्न, तापवायचं कशात. घरच्या ओव्हनमध्ये नाही. ज्या ओव्हनमध्ये दिवाळीला नानकटाई होते त्यात पेंटचा धूर सोडायचा विचार माझ्या मनात आला होता आणि तो बायकोने माझ्या चेहऱ्यावर वाचला, विषय तिथेच संपला. टोस्टर ओव्हनमध्ये झाकण मावत नाही, लांब पडतं. मी कोणीतरी फुकट देत होतं ते जुनं इलेक्ट्रिक रेंज, म्हणजे खाली ओव्हन असलेली विजेची शेगडी, गॅरेजमध्ये आणलं, त्याला ड्रायरच्या २४० व्होल्टच्या लाइनवर चालवायचं तर प्लग वेगळा असतो, ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. ते जमत नसेल तर हीट गनने पण काम होतं, जरा वेळ लागतो इतकंच.

मास्किंगला वेळ द्या. गॅस्केटची खाच, बोल्टची भोकं, बोल्टचं डोकं टेकतं ती जागा, प्लगच्या विहिरींचा खालचा भाग, ऑइल कॅपचे आटे, पीसीव्हीचं भोक, ह्यातलं एकही सोडायचं नाही. गॅस्केटच्या जागेवर रंग गेला तर तो दाबाखाली सुटतो आणि गळती चालू. इंजिनाचे बाकीचे भाग रंगवत असाल तर अर्थिंगची वायर जिथे बोल्टने बसते तो धातू उघडाच ठेवा, नाहीतर मग लाइट मिणमिणतायत, गाडी सुरू होत नाही म्हणून महिनाभर भलतीकडेच शोधत बसाल.

शेवटचं पुसणं अ‍ॅसिटोनने, आणि त्यानंतर उघडा हात लावायचा नाही. ब्रेक क्लीनर वापरणार असाल तर क्लोरीनवाला नको, तो तापला की विषारी फॉस्जीन वायू तयार होऊ शकतो. मास्क ऑरगॅनिक व्हेपरच्या कार्ट्रिजवाला, कोविडवाला कापडी नाही. आणि इकडच्या गॅरेजमध्ये कोपऱ्यात गॅसचा वॉटर हीटर असतो, त्याची छोटी ज्योत चोवीस तास पेटलेली असू शकते, तेव्हा स्प्रे करायच्या आधी ती बंद करा किंवा सरळ बाहेर अंगणात स्प्रे करा.

रिंकल पेंटची गंमत अशी की वरचा थर आधी सुकतो, खालचा ओलाच असतो, वरच्या सालीला जागा पुरत नाही म्हणून ती आक्रसून वळ्या पडतात. म्हणजे नेहमीच्या स्प्रे पेंटला जे शिकलात, पातळ-पातळ कोट मारा, ते इथे उलटं. पातळ मारलात तर वळ्या पडतच नाहीत, सपाट मॅट राहतो. तीन जाड कोट, पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरका, मधे पाच-पाच मिनिटं, पण ओघळ येईल इतका जाड नको. डब्यावर जे अंतर आणि वेळ लिहिलंय ते पाळा. डबा वापरायच्या आधी दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला तर स्प्रे छान फुटतो. कडा आणि खोबणी आधी मारून घ्या, तिथे नेहमी रंग कमी पडतो आणि मग उंचवट्यावर जाड सुरकुत्या, कडेला टक्कल असं ध्यान होतं. खरं सांगतो, आधी कोकच्या कॅनवर एकदा करून बघा.

तिसऱ्या कोटनंतर काहीच होत नाही. रंग ओला, चकचकीत, सपाट. मी दहा मिनिटं बघत उभा, वाटलं डबाच खराब निघाला. मग हीट गन हातभर लांबून हळूहळू फिरवली आणि एका टोकाला चमक मरायला लागली, दुधावर साय धरते आणि फुंकर मारली की ती गोळा होते ना, अगदी तशी बारीक वळी उठली, आणि मग गन जिकडे जाईल तिकडे सुरकुत्या पळत गेल्या. एका जागी गन धरून ठेवू नका, तिथे वळ्या मोठ्या होतात. सगळीकडे सारखं झालं की ओव्हनमध्ये साधारण ९० ते ९५ डिग्री सेल्सियसला भाजा, आणि एक दिवस तरी नखाने टोकरून बघायचा मोह आवरा.

उठावदार अक्षरं चांदीसारखी हवी असतील तर रंग पूर्ण कडक झाल्यावर, म्हणजे दोन दिवसांनी, लाकडाच्या सपाट ठोकळ्याला २२० चा पेपर गुंडाळून फक्त वरून घासा, मग ४००, मग ६००. बोटाने पेपर दाबलात तर अक्षराच्या कडा गोल होतात आणि बाजूचा रंग जातो.

हे सगळं ३५० डिग्री फॅरनहाइट, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसपर्यंतच्या रंगाचं झालं, झाकणाला तेवढं भरपूर. हाच डबा एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर मारायला जाऊ नका, पहिल्याच फेरीत जळून धूर होईल, तिथे १२०० ते २००० फॅरनहाइटवाला सिरॅमिक रंग लागतो.

बसवताना नवीन गॅस्केट घ्या, जुनी दगड झालेली असते. पुढच्या कॅम कॅपच्या (कॅमशाफ्टला वरून धरणाऱ्या तुकड्याच्या) कोपऱ्यांवर आणि मागे कॅम अँगल सेन्सरच्या (कॅमशाफ्ट किती फिरलाय ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) बाजूच्या कोपऱ्यांवर सिलिकॉन सीलंटचा हरभऱ्याएवढा ठिपका, त्याहून जास्त नाही, जास्तीचा आत तुटून ऑइलच्या जाळीत अडकतो. बोल्ट मधून बाहेर असे दोन फेऱ्यांत आवळा, ५ ते ९ न्यूटन-मीटरच्या मधे, म्हणजे साधारण ४५ ते ८० इंच-पाउंड. इंच-पाउंड! मी पहिल्यांदा मोठा फूट-पाउंडवाला टॉर्क रेंच घेतला आणि त्यावर ४५ लावला, म्हणजे बारा पट. चौथा बोल्ट आवळताना रेंच कटकन वाजायची वाट बघतोय आणि पाना अचानक लोण्यात फिरावा तसा मऊ फिरायला लागला. हेडमधले आटे गेले. मग हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) मागव, ड्रिल कर, ड्रिलचा कीस आत पडू नये म्हणून ग्रीस लाव, एक अख्खा रविवार त्या १० नंबरच्या बोल्टवर.

पहिल्या चक्करला नव्या रंगाचा वास येणारच, घाबरू नका. आठवड्याने टॉर्च घेऊन कडेने ऑइल दिसतंय का बघा. हेडच्या मागच्या बाजूला, फायरवॉलकडे (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीकडे) ओलं दिसलं तर लगेच झाकण उघडायला धावू नका, ह्या गाड्यांत बरेचदा ते कॅम अँगल सेन्सरच्या ओ-रिंगमधून येतं. सेन्सरच्या मागे हात घालून बोट फिरवायचं, तिथून ओघळ आलेला असेल तर काही डॉलरची ती रिंग बदलायची, काढण्याआधी सेन्सरची पोझिशन पांढऱ्या मार्करने खूण करून ठेवायची, कारण तो फिरला की स्पार्कचं टायमिंग हलतं.