सोसायटीच्या हॉलमध्ये ‘कोर्ट’ दाखवताना

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) या सिनेमातली एक जागा सोसायटीच्या हॉलला हमखास नडते. शेवटाकडे, सुट्टीआधीचं कामकाज संपतं, माणसं बाहेर पडतात, न्यायालयातले दिवे मालवले जातात आणि पडदा काळा होतो. बराच वेळ काळाच राहतो. इथे कोणीतरी उठून ट्यूबलाइट लावतं, मागून टाळ्या येतात, लॅपटॉपवाला ‘हँग झाला’ म्हणून माउस हलवतो. सिनेमा तर अजून बाकी असतो! सगळी तयारी या अंधारासाठीच करायची.

ठाण्यात पावसाळ्यात गच्चीवरची पत्र्याची शेड नको. सर आली की संवाद गेलेच. तळमजल्याचा हॉल घ्या, खिडक्यांना काळं कापड लावा आणि साडेसातनंतरच सुरू करा; मे महिन्यात सातलाही उजेड असतो. लॅपटॉपचं स्लीप आणि नोटिफिकेशन बंद. दिव्यांच्या बटणांपाशी एक माणूस बसवा, त्याला सिनेमातली ही जागा आधीच दाखवून ठेवा.

आठ फुटी पडद्याला ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो. पहिली रांग बारा फुटांवर. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट तरी वर हवी. सिनेमात मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं आहे, सबटायटल्स डोक्यांआड गेली तर निम्मा खटला निसटतो. स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. फरशीवर आवाज घुमतो, म्हणून सतरंज्या अंथरा.

सबटायटलची फाइल वेगळी असेल तर सुरुवातीला आणि शंभराव्या मिनिटाला, दोन्हीकडे तपासा. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या बटणांनी ओळी मागेपुढे सरकतात, पण सगळ्या सारख्याच. फाइल सेकंदाला २५ फ्रेमची आणि सिनेमा २३.९७६चा असेल तर शंभर मिनिटांत चारेक मिनिटांची तफावत पडते. तिथे फाइलच बदलावी लागते. आणि ओटीटीचं खातं घरापुरतं असतं, हॉलसाठी हक्कदारांची लेखी परवानगी घ्या.

चर्चेआधी दहा मिनिटं चहा. ‘आवडला का?’ विचारलंत की सेक्रेटरी न्यायव्यवस्थेवर भाषण ठोकणार, हे धरून चाला. त्याऐवजी चिठ्ठ्या वाटा: काळ्या पडद्याच्या आधी शेवटचं काय दिसलं? उत्तरं जुळत नाहीत. तो तुकडा पुन्हा लावा, मग बोलू द्या.