ड्युअल मास फ्लायव्हीलच्या जागी सॉलिड फ्लायव्हील बसवताना

उसाच्या हंगामात लातूर-धाराशिवकडे भरल्या ट्रकचा क्लच सतत दाबावा लागतो आणि ड्युअल मास फ्लायव्हीलमधील (इंजिन आणि क्लच यांच्यामधले दोन भागांचे जड चाक) धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा लवकर थकतात. त्याजागी सॉलिड, म्हणजे स्प्रिंगा नसलेले एकसंध फ्लायव्हील बसवता येते. मात्र इंजिनाचे धक्के शोषण्याचे काम आता क्लच प्लेटमधील स्प्रिंगांवर येत असल्याने जुनी प्लेट पुन्हा न वापरता, त्याच मॉडेलसाठीचा फ्लायव्हील आणि क्लचचा जुळणारा पूर्ण संच घ्यावा. गिअरबॉक्स उतरवल्यावर क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलभोवती बोट फिरवून पाहावे. ओल लागली, तर सील तेव्हाच बदलावे. नव्या फ्लायव्हीलवरील संरक्षक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. संचासोबतचे नवे बोल्टच वापरून ते समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, दिलेल्या टॉर्कवर (आवळण्याच्या ठरावीक जोरावर) आवळावेत. न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्सचा खडखडाट थोडा वाढतो, हे मालकाला आधीच सांगावे.