शाळू-मक्याच्या पानाची जाडी आणि वाढ घरच्या घरी कशी तपासायची

माण-खटाव असो नाहीतर जत-आटपाडी, शाळूला (रब्बी ज्वारीला) काळोखी, म्हणजे गर्द हिरवा रंग, आली की आपण खूश होतो, पण काळोखी म्हणजे जाड पान नव्हे हे आधी पक्कं करा. युरिया जास्त झाला की पान रुंद, गर्द, लुसलुशीत होतं आणि मग मावा बसतो, त्याचा चिकट द्रव पानावर साचून चिकटा पडतो.

आता तपासायचं कसं, तर बांधाकडच्या ओळी सोडून दहा ताटांचं वरून तिसरं, पूर्ण उघडलेलं पान घ्या, तेही सकाळीच, कारण दुपारी ताणानं पान गुंडाळतं आणि थोडं पातळही होतं. मधली शीर सोडून तुकडे कापा, दहाही एकावर एक ठेवून स्क्रू गेजमध्ये, म्हणजे बारीक जाडी मोजायच्या साधनात, हलकेच धरा (लेथवाल्याकडे असतो), येईल त्या आकड्याला दहानं भागा. आवळू नका, पान चेपतं.

वाढ बघायची तर नवं पान पोंग्यातून (शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून) जिथं बाहेर येतंय तिथंच त्याच्यावर मार्करनं रेघ मारा. तृणधान्याचं पान टोकाकडून नाही, बुडाकडून वाढतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रेघ वर सरकलेली दिसते, तेवढं अंतर पट्टीनं मोजा. कडक थंडीत हे अंतर कमी भरणारच, लगेच खत टाकायला पळू नका.

जाडीवर सगळ्यात जास्त परिणाम उन्हाचा. बांधावरच्या झाडाची सावली पडते तिथलं पान आणि उघड्यावरचं पान चिमटीत धरून बघा, सावलीतलं पातळच लागेल. दाट पेरणीतही तेच होतं, म्हणून शाळूला 45 बाय 15 सेंमी अंतर ठेवा आणि विरळणी (जादा रोपं उपटणं) टाळू नका. बरेच दिवस पाण्याचा ताण बसला तर उलटं, पान जाड पण आखूड राहतं, म्हणून जाडी आणि लांबी दोन्ही लिहून ठेवा, नुसत्या जाडीवरून पीक चांगलं म्हणू नका.

मग रंग बघा. खालचं पान शेंड्याकडून मधल्या शिरेवर व्हीसारखं पिवळं पडत आलं तर नत्र कमी, खालच्या पानाच्या कडा करपल्या तर पालाश (पोटॅश) कमी. मक्याच्या नव्या पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना पांढुरके पट्टे आले तर जस्त कमी आहे, तिथं युरियाची अख्खी गोणी ओतली तरी पट्टे जात नाहीत, झिंक सल्फेटच द्यावं लागतं.